एका वाक्यात दोन प्रयोग

इंग्रजीच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या कोणाही प्राध्यापकास विचारावे. स्पेलिंगच्या चुका त्याला फारशा छळीत नाहीत. त्या दिसतात, त्यांच्याखाली रेघ ओढता येते आणि पुढे जाता येते. त्याला खरा त्रास होतो तो अशा वाक्यांचा, की ज्यांतला प्रत्येक शब्द बरोबर आहे, काळ बरोबर आहे, आणि तरीही वाक्य उभे राहत नाही. ते एका पायाने निघते आणि भलत्याच पायाने पोहोचते. 'वुई टुक द सॉल्ट इन अ टेस्ट ट्यूब अँड वॉटर वॉज ॲडेड अँड हीट इट.' या एका ओळीत तीन क्रियापदे आहेत आणि तिघांची तोंडे तीन दिशांना आहेत. पहिले कर्त्याविषयी बोलते, दुसरे पाण्याविषयी, आणि तिसरे तर वाचणाऱ्यालाच हुकूम सोडते. प्राध्यापक समासात 'शिफ्ट ऑफ व्हॉइस', 'शिफ्ट ऑफ मूड' असे लिहितो आणि अर्धा गुण कापतो. विद्यार्थी ते वाचतो, मान डोलावतो, आणि पुढच्या परीक्षेत पुन्हा तसेच लिहितो.

तो असे का करतो? तो आळशी आहे, वाचन करीत नाही, पाठांतर करतो, ही उत्तरे आपण स्टाफरूममध्ये नेहमी देतो. त्यांत काही तथ्य असेलही. परंतु ग्वाल्हेरात मराठी घरांतल्या मुलांना इंग्रजी शिकवीत असताना माझे मत हळूहळू असे होत गेले आहे की, या चुकीचे मूळ मुलाच्या आळसात शोधण्यापेक्षा त्याच्या व्याकरणात शोधावे. त्याच्या डोक्यात एक पूर्ण, शिस्तबद्ध आणि फार जुने व्याकरण आधीच बसलेले असते. ते व्याकरण त्याला जे सांगते तेच तो इंग्रजीत करतो. आपण त्याला 'व्हॉइस बदलू नका' असे सांगतो, पण त्याच्या स्वतःच्या भाषेत व्हॉइस म्हणजे काय होते, हे कधी सांगत नाही. हे सांगितल्यावाचून ही चूक जाणार नाही, असे माझे म्हणणे आहे, आणि तेच येथे थोडे विस्ताराने मांडावयाचे आहे.

ग्वाल्हेरचा उल्लेख केला म्हणून त्याविषयी दोन शब्द. शिंद्यांच्या दौलतीबरोबर येथे आलेली मराठी घरे लष्कर भागात पिढ्यान् पिढ्या राहत आली आहेत. राजकवी भा. रा. तांबे यांचा अंत १९४१ साली ग्वाल्हेरातच झाला. संस्थानातल्याच श्योपूरला १९१७ साली एका मराठी घरात जन्मलेले गजानन माधव मुक्तिबोध हिंदीचे मोठे कवी झाले, आणि त्यांचे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीचे कवी झाले. एका घरात दोन भाषा अशा सहज वाटल्या जाव्यात, ही या प्रांताची रीत आहे. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी आणि परीक्षेच्या कागदावर इंग्रजी, अशा तीन भाषांत येथले मूल वाढते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा ग्वाल्हेर मध्य प्रदेशात गेले आणि त्याच दिवशी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. तेव्हा ज्या नियतकालिकाच्या एका भागात मराठी आणि दुसऱ्या भागात कन्नड छापली जाते, त्याच्या वाचकांना तीन भाषांचा हा संसार काय असतो, हे मी समजावून सांगण्याची गरज नाही. उलट या प्रश्नात कन्नड भाषिक मित्रांकडून आपल्याला काही शिकण्यासारखे आहे, तेही पुढे येईल.

आता मूळ मुद्दा. 'राम आंबा खातो' हा कर्तरी प्रयोग. 'रामाने आंबा खाल्ला' हा कर्मणी प्रयोग. 'रामाने रावणास मारले' हा भावे. हे आपण शाळेत शिकलो. १८३६ साली दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले, तेव्हापासून प्रयोगांची ही चर्चा मराठीत चालू आहे. पुढे मोरो केशव दामले यांनी १९११ साली 'शास्त्रीय मराठी व्याकरण' प्रसिद्ध केले आणि आधीच्या वैयाकरणांची मते एकेक करून तपासली. हे दामले काही काळ उज्जैनच्या माधव कॉलेजात प्राध्यापक होते, आणि उज्जैन तेव्हा ग्वाल्हेर संस्थानात होते. त्यांचे थोरले बंधू म्हणजे कवी केशवसुत. केशवसुतांची शेवटची नोकरी धारवाडला होती आणि १९०५ साली हुबळीत त्यांचे निधन झाले. एक भाऊ माळव्यात, दुसरा कर्नाटकात! मराठीचा विचार महाराष्ट्राच्या सीमेबाहेर बसूनही किती निष्ठेने झाला आहे, हे यावरून दिसेल.

पण शाळेत एक घोटाळा होऊन बसतो. इंग्रजीच्या तासाला 'ॲक्टिव्ह व्हॉइस म्हणजे कर्तरी प्रयोग, पॅसिव्ह व्हॉइस म्हणजे कर्मणी प्रयोग' असे सांगितले जाते, आणि मुलगा ते वहीत लिहून घेतो. मग त्याला 'रामाने आंबा खाल्ला' याचे इंग्रजी विचारा. तो 'राम एट द मँगो' असे लिहितो, आणि ते बरोबर आहे. पण मराठी वाक्य कर्मणी आणि इंग्रजी वाक्य ॲक्टिव्ह! मग वहीतल्या समीकरणाचे काय झाले? हा प्रश्न मुलाला पडतो, पण तो विचारीत नाही. विचारलाच, तर आपल्यापैकी किती जण त्याला उत्तर देतील?

उत्तर असे आहे. मराठीत प्रयोग ठरतो तो क्रियापद कोणाच्या लिंगवचनाप्रमाणे चालते त्यावरून. 'रामाने आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळे खाल्ले.' येथे क्रियापद आंब्यामागे, पोळीमागे, केळ्यामागे चालले आहे. परंतु वाक्य अजून रामाविषयीच आहे. खाणारा राम वाक्यातून कोठेही गेलेला नाही, मागेही सरकलेला नाही. त्याच्या अंगावर 'ने'चा बिल्ला आहे, त्यामुळे तो कोठेही उभा राहिला तरी ओळखू येतो. 'आंबा रामाने खाल्ला' असे म्हणा, 'खाल्ला रामाने आंबा' असे म्हणा, खाणारा रामच.

इंग्रजीत नामाच्या अंगावर असा बिल्ला नाही. तेथे कर्ता ओळखायचा तो त्याच्या जागेवरून. क्रियापदाच्या आधीची जागा ही वाक्याची खुर्ची आहे. जो तिच्यावर बसेल त्याच्याविषयी वाक्य. 'राम एट द मँगो' यातली नामे इकडची तिकडे केली, तर आंबा रामाला खाऊन टाकील. म्हणून इंग्रजीत व्हॉइस बदलणे म्हणजे नुसते क्रियापदाचे रूप बदलणे नव्हे. तेथे एकाला खुर्चीवरून उठवून दुसऱ्याला बसवावे लागते. एका वाक्यात हे दोनदा केले की वाचणाऱ्याला पुन्हा पुन्हा मान वळवावी लागते.

आणि मराठीत? 'तो आला, त्याने पाणी मागितले, ते प्यायला आणि निघून गेला.' पहिले क्रियापद कर्तरी, दुसरे कर्मणी, तिसरे आणि चौथे पुन्हा कर्तरी. चार क्रियापदांत दोनदा प्रयोग बदलला आणि कोणाला काही खटकले नाही, कारण माणूस तोच राहिला. 'मी रोज एक वर्तमानपत्र वाचतो, आज मात्र दोन वाचली.' वर्तमानकाळ संपून भूतकाळ आला की सकर्मक क्रियापदाचा प्रयोग आपोआप बदलतो. म्हणजे प्रयोग बदलत बदलत बोलणे हा मराठी माणसाचा श्वास आहे. ग्वाल्हेरच्या मुलाची तर दुसरी भाषाही तेच सांगते: 'मैं रोटी खाता हूँ', पण 'मैंने रोटी खाई'. त्याच्या दोन्ही भाषा त्याला एकाच बाजूला ओढतात. अशा मुलाला 'व्हॉइस बदलू नको' एवढेच सांगितले, तर त्याला त्यात काही धोका दिसत नाही. धोका प्रयोगाच्या बदलात नसून खुर्ची बदलण्यात आहे, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

येथे कन्नड भाषिक विद्यार्थ्याची गोष्ट वेगळी आहे. 'नानु पुस्तक ओदुत्तेने' आणि 'नानु पुस्तक ओदिदे': काळ बदलला तरी क्रियापद 'नानु'च्याच मागे चालते. कर्त्याला 'ने' लागत नाही आणि पुस्तकाकडे क्रियापद पाहतही नाही. या बाबतीत कन्नड आणि इंग्रजी एका बाजूला, मराठी आणि हिंदी दुसऱ्या बाजूला. कन्नडच्या शेजारी राहणाऱ्या मराठी बोलींत 'मी काम केलो' असे ऐकू येते, आणि पुण्याकडचे लोक त्याला हसतात. मला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. 'मी' या रूपाला तृतीयेचा 'ने' उघड लागत नाही. त्यामुळे तो कर्मणीतला कर्ता आहे हे कानाला कळत नाही, आणि शेजारच्या भाषेच्या वळणाने क्रियापद त्याच्यामागे जाते. ग्वाल्हेरातही 'मैं किताब लाया' या वळणावर एखादे मूल 'मी पुस्तक आणलो' असे म्हणून जाते, कारण हिंदीतल्या 'लाना'ला 'ने' चालत नाही. दोन्हीकडे दोन व्याकरणांचा मेळ घालण्याचा प्रयत्न आहे. परीक्षेत तो चूक ठरेल, पण तो वेडेपणा नाही.

खुर्चीच्या याच गोष्टीतून दुसरी एक चूक निघते, आणि ती मराठी व कन्नड दोघांच्याही कागदांवर सापडते. 'बाजारात जाऊन भाजी आणली', 'पेटेगे होगि तरकारि तंदे'. आपल्या दोन्ही भाषांना 'जाऊन', 'होगि' ही फार सोयीची रूपे मिळालेली आहेत. जाणारा आणि आणणारा एकच, हे गृहीत असते. मराठीत तर आणणाऱ्याला 'ने' लागला तरीही 'जाऊन' त्यालाच जाऊन चिकटते. आता विद्यार्थी इंग्रजीत लिहितो: 'हॅविंग गॉन टु द मार्केट, व्हेजिटेबल्स वेअर बॉट.' व्याकरणाने पाहता भाजीच बाजारात गेली! कारण इंग्रजीतला 'हॅविंग गॉन' खऱ्या करणाऱ्याला शोधत बसत नाही. तो खुर्चीवर जो असेल त्याला चिकटतो. वाक्य ॲक्टिव्हमध्ये ठेवले असते, तर ही फजिती झाली नसती.

यावरून असे कोणी समजू नये की पॅसिव्ह वाईट आणि ॲक्टिव्ह चांगला. हल्ली संगणकावर आणि फोनवर व्याकरण तपासणारी साधने आली आहेत. त्यांतली काही पॅसिव्ह दिसला की त्याखाली रेघ ओढतात, आणि मुले प्रत्येक रेघ प्रामाणिकपणे पुसतात. त्यांना मी एक वाक्य दाखवतो: 'द मिनिस्टर अराइव्हड ॲट टेन अँड वॉज रिसीव्हड बाय द प्रिन्सिपल.' पहिले क्रियापद ॲक्टिव्ह, दुसरे पॅसिव्ह, आणि वाक्य निर्दोष! कारण खुर्चीवर पहिल्यापासून शेवटपर्यंत मंत्रीच आहेत. याउलट 'द मिनिस्टर अराइव्हड ॲट टेन अँड द प्रिन्सिपल रिसीव्हड हिम' यात दोन्ही क्रियापदे ॲक्टिव्ह आहेत, पण खुर्ची बदलली. वाक्य चूक नाही, पण वर्णन मंत्र्यांच्या भेटीचे असेल तर ते पहिल्याइतके सरळ नाही. तेव्हा नियम 'व्हॉइस बदलू नका' असा शिकवण्यापेक्षा 'कारण नसताना खुर्ची बदलू नका' असा शिकवावा. कधी कधी खुर्ची न बदलण्यासाठीच व्हॉइस बदलावा लागतो.

आता मूड. मराठीत यालाच क्रियापदाचा 'अर्थ' म्हणतात: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. 'तो जातो' ही नुसती हकीकत. 'तू जा' ही आज्ञा. 'त्याने जावे' यात कर्तव्य किंवा इच्छा. 'तो जाता तर' ही न घडलेली, मानलेली गोष्ट. आपली भाषा या बाबतीत गरीब नाही. असे असून गोंधळ कोठे होतो?

पहिला गोंधळ सूचना लिहिताना. 'टेक टेन ग्रॅम्स ऑफ सॉल्ट, यू शुड हीट इट, देन इट इज फिल्टर्ड.' एका क्रियेसाठी आज्ञा, दुसरीसाठी उपदेश, तिसरीसाठी बातमी. आपण घरात असे बोलतो, हे खरे आहे. 'एक वाटी रवा घ्यावा, मंद आचेवर भाज, मग पाणी घालतात.' ऐकणारी सून किंवा लेक समोर उभी असते, म्हणून निभावते. कागदावर मात्र समोर कोणी नसते. प्रयोगशाळेतला विद्यार्थी, औषध घेणारा रोगी, यंत्र चालवणारा कामगार यांना यातली आज्ञा कोणती आणि नुसती माहिती कोणती, हे कळलेच पाहिजे. जो अर्थ पहिल्या क्रियापदाला तोच शेवटच्या क्रियापदाला, हा येथे सरळ नियम आहे, आणि तो मराठीत लिहितानाही पाळावा.

दुसरा गोंधळ विनंतीचा आणि ठरावाचा. 'द कमिटी रेकमेंडेड दॅट ही इज अपॉइंटेड' असे विद्यार्थी लिहितो. शिफारस झाली, पण नेमणूक झाली की व्हायची आहे? इंग्रजीत येथे 'दॅट ही बी अपॉइंटेड' असे म्हणतात, आणि हे 'बी' मुलांना छापण्यातली चूक वाटते. अशा वेळी मी त्यांना मराठीकडे परत नेतो. 'त्याची नेमणूक व्हावी अशी समितीने शिफारस केली' हे तुम्ही कसे म्हटलेत? 'होते' म्हटले नाही, 'झाली' म्हटले नाही, 'व्हावी' म्हटले. 'त्याने यावे असे ठरले', 'रजा मिळावी ही विनंती', 'सभा तहकूब करावी अशी सूचना'. अशा मागणीच्या, सूचनेच्या, शिफारशीच्या पोटात जेथे मराठी 'व्हावे-करावे-यावे' म्हणते, तेथे इंग्रजी क्रियापदाचे मूळ रूप ठेवते: 'दॅट ही कम', 'दॅट लीव्ह बी ग्रँटेड'. ज्या मुलांना सब्जंक्टिव्ह हा शब्द ऐकून घाम फुटतो, त्यांना हा विध्यर्थ ओळखीचा निघतो. म्हणजे येथे मातृभाषा शत्रू नाही. ती वाट दाखवते, आपण मात्र तिला वर्गाच्या दाराबाहेर उभे करून ठेवले आहे.

तिसऱ्या ठिकाणी मात्र ती खरोखरच चुकीच्या वाटेने नेते. 'पाऊस पडला असता तर पीक आले असते.' या वाक्याचा तोल पाहा. दोन्ही पारड्यांत 'असता-असते'. हिंदीतही तसेच: 'बारिश होती तो फ़सल होती.' हा समतोल कानाला इतका गोड वाटतो की मूल इंग्रजीतही तोच साधते: 'इफ इट वुड हॅव रेन्ड, द क्रॉप वुड हॅव कम.' इंग्रजीची तागडी मात्र अशी समान नाही. अटीच्या बाजूला 'हॅड रेन्ड', फळाच्या बाजूला 'वुड हॅव'. अट भूतकाळात एक पायरी मागे ढकलली की झाले, तिला 'वुड' लागत नाही. कन्नडमध्ये पाहा: 'मळे बंदिद्दरे बेळे बरुत्तित्तु.' येथे अटीचे रूप वेगळे आणि फळाचे वेगळे. दोन पारडी समान नसतात ही गोष्ट कन्नड मुलाच्या कानाला सवयीची आहे, मराठी मुलाला ती मुद्दाम सांगावी लागते. न्यायासाठी हेही सांगितले पाहिजे की अमेरिकेतले पुष्कळ लोक बोलताना दोन्ही बाजूंना 'वुड हॅव' घालतात. पण परीक्षकाच्या हातात तांबडी पेन्सिल असते, अमेरिका नसते.

हे सारे वाचून कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशासाठी? अर्थ तर कळतो ना? अर्ध्या गुणाचाच प्रश्न असता, तर मीही हा लेख लिहिला नसता. पण वाक्यातला कर्ता हरवतो, तेव्हा पुष्कळदा जबाबदारीही हरवते. 'चूक झाली', 'कागद गहाळ झाले', 'असे ठरविण्यात आले', 'आपणांस कळविण्यात येते'. ही वाक्ये कोण बोलतो? कोणीच नाही. इंग्रजी पॅसिव्हच्या सावलीत आपल्या कचेरीच्या मराठीने हे 'ण्यात येते' इतके वाढवले आहे की करणाऱ्याचे नाव विचारणे उद्धटपणा वाटावा. वर्तमानपत्रातही 'पोलिसांनी तपास सुरू केला' या साध्या वाक्याऐवजी 'पोलिसांकडून तपास सुरू करण्यात आला' असे छापले जाते. साधा 'ने' असताना हे 'कडून' कशाला? जो विद्यार्थी 'वुई लॉस्ट द सॅम्पल अँड द रिझल्ट वॉज नॉट ऑब्टेन्ड' असे लिहितो, तो नकळत अर्ध्या वाक्यात सावलीत जाऊन उभा राहतो. त्याला कर्ता शेवटपर्यंत धरून ठेवायला शिकवणे, म्हणजे केलेल्या गोष्टीपाशी उभे राहायला शिकवणे आहे.

मूडचेही तसेच. कायद्याच्या इंग्रजीत 'शॅल' आणि 'मे' यांवरून न्यायालयांत वादावर वाद झाले आहेत: अमुक गोष्ट केलीच पाहिजे, की करता येईल? वसतिगृहाच्या एखाद्या फलकावर पहिल्या ओळीत 'शॅल', दुसरीत 'शुड' आणि तिसरीत 'मे' असले, तर मुलांनी कोणता नियम पाळायचा आणि कोणत्या नियमासाठी दंड भरायचा? उद्या हीच मुले नोटिसा, करार, अहवाल लिहिणार आहेत. त्यांच्या एका शब्दावर दुसऱ्या कोणाची नोकरी, कोणाची जमीन अवलंबून असेल.

माझ्या या मताला दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, इंग्रजी शिकायचे तर इंग्रजीतच विचार करावा, मराठी मध्ये आणू नये. हे ऐकायला बरे वाटते. ज्याच्या घरी इंग्रजी बोलतात, त्याला ते साधेलही. पण ज्या मुलाने वीस वर्षे मराठीत विचार केला, त्याला 'विचार बदल' असे सांगून विचार बदलत नाही. त्याची मराठी तो वर्गाबाहेर ठेवू शकत नाही, तो ती फक्त लपवू शकतो. लपवलेली मराठी मग आतून वाक्य वाकवते. ती उघड्यावर आणून फळ्यावर लिहिली, तर ती कोठे मदत करते आणि कोठे दगा देते, हे दिसते. मुलाला आणखी एक गोष्ट कळते. आपण मंद आहोत म्हणून चुकतो असे त्याला वाटत असते. आपल्याजवळ दुसरा एक पक्का नियम आहे म्हणून आपण चुकतो, हे त्याला प्रथमच समजते. मूल ताठ बसते ते या क्षणी.

दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक आहे. वर्गात मराठी, हिंदी, कन्नड, उर्दू अशी सगळी मुले असतात, मग शिक्षकाने किती भाषांचे व्याकरण सांगायचे? मी म्हणतो, शिक्षकाने सांगू नये, मुलांकडून काढून घ्यावे. एकच वाक्य प्रत्येकाने आपल्या भाषेत लिहावे. क्रियापद कोणामागे चालते ते प्रत्येकाने दाखवावे. दहा मिनिटांत फळ्यावर जे तयार होईल, ते कोणत्याही छापील पुस्तकात नसेल. या नियतकालिकाच्या दोन भागांतले लेखक एका तासासाठी एका बाकावर बसले, तर एकमेकांच्या भाषेविषयी त्यांना जे कळेल ते निवडणुकीतल्या भाषणांतून कळणार नाही.

विद्यार्थी मित्रांना एवढेच सांगतो. इंग्रजी वाक्य लिहून झाले की तीन प्रश्न विचारा. करणारा कोण? खुर्चीवर कोण बसले आहे, आणि मध्येच उठले असेल तर का? आणि तिसरा, मी हकीकत सांगतो आहे, हुकूम देतो आहे, व्हावे म्हणतो आहे, की झाले असते तर म्हणतो आहे? उत्तर एक असेल, तर क्रियापदेही एकाच घराण्यातली असू द्या. आणि प्राध्यापक बंधुभगिनींना विनंती अशी की, समासात 'शिफ्ट ऑफ व्हॉइस' असे लिहिण्याआधी त्या वाक्याची मराठी, हिंदी किंवा कन्नड मुलाकडून एकदा म्हणवून घ्यावी. पुष्कळदा ते वाक्य त्याच्या भाषेत अगदी सरळ निघेल. तेथून इंग्रजीकडे येण्याची वाट मग फार लांब राहत नाही, आणि ती त्याला आपल्याबरोबर चालता येते.